निमंत्रितांचे फुटबॉल
ज्या स्पर्धेत संघ पात्रता फेरीतून वर येत नाहीत, आयोजकच आपल्या पसंतीने त्यांना बोलावतो, ती निमंत्रितांची स्पर्धा होय. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये देशांतर्गत लीग, खंडीय चषक आणि जागतिक स्पर्धा अशी अधिकृत उतरंड उभी असल्यामुळे निमंत्रितांच्या स्पर्धेला हंगामापूर्वीच्या सरावापलीकडे फारसे महत्त्व उरले नाही. महिलांच्या क्लबांना मात्र ही उतरंडच दीर्घकाळ लाभली नव्हती, आणि म्हणून परदेशी संघाशी खेळण्याचा त्यांचा मार्ग बहुधा कोणाच्या तरी निमंत्रणावर अवलंबून असे.

हे अवलंबित्व अकारण निर्माण झाले नव्हते. प्रेस्टन येथील कारखान्यातील कामगार स्त्रियांचा ‘डिक, कर लेडीज’ हा संघ १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सुमारे ५३,००० प्रेक्षकांसमोर खेळला, आणि वर्ष उलटण्याच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने संलग्न क्लबांना आपली मैदाने महिलांच्या सामन्यांसाठी देण्यास मनाई केली. प्रेक्षक नाहीत असे म्हणण्याची सोय असोसिएशनला नव्हतीच, तेव्हा हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असा पवित्रा तिने घेतला. ही बंदी जवळपास अर्धशतक टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ या काळात कायद्यानेच, तर पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० या काळात महासंघाच्या ठरावाने अशीच मनाई होती.

अधिकृत संघटनांनी पाठ फिरवल्यावर क्लब आणि राष्ट्रीय संघ यांतील सीमारेषाही पुसट झाली. मँचेस्टर कोरिंथियन्स हा क्लब १९५७ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अनधिकृत युरोपीय स्पर्धेत इंग्लंडच्या नावाने उतरला आणि विजयी झाला, तेही त्या देशात मनाई लागू असताना. पुढे १९७० मध्ये मार्टिनी अँड रॉसी या मद्यकंपनीच्या पैशावर इटलीत जी अनधिकृत विश्वचषक स्पर्धा झाली, ती डेन्मार्कने यजमान इटलीला तुरिन येथील अंतिम सामन्यात हरवून जिंकली. हे ‘डेन्मार्क’ म्हणजे प्रत्यक्षात कोपनहेगनचा फेमिना हा क्लब होता.

खंडीय पातळीवरील अधिकृत क्लब स्पर्धा त्यानंतर बऱ्याच उशिरा आल्या: युरोपात २००१ मध्ये, दक्षिण अमेरिकेत २००९ मध्ये. तरीही दोन खंडांच्या विजेत्यांना समोरासमोर आणणारी स्पर्धा नव्हती. ती उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न जपानने केला. २०११ चा विश्वचषक जिंकल्यावर जपानमध्ये महिला फुटबॉलविषयी जी उत्सुकता निर्माण झाली, तिचा लाभ घेऊन तेथील संघटनेने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय महिला क्लब स्पर्धा भरवली. पहिल्याच वर्षी युरोपविजेत्या ल्यों क्लबने इनाक कोबे या यजमान क्लबला जादा वेळेत २-१ असे हरवले, तर पुढच्या वर्षी कोबेने अंतिम सामन्यात चेल्सीला ४-२ असे नमवले. चेल्सी त्या हंगामात आठ संघांच्या इंग्लिश लीगमध्ये सातव्या क्रमांकावर होती. पात्रतेची अट नसेल तर निमंत्रण कोणापर्यंत जाऊ शकते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. २०१४ नंतर ही स्पर्धा झाली नाही.

यानंतरचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि तो संघटनेने नव्हे, एका खाजगी कंपनीने केला. पुरुषांच्या युरोपीय क्लबांना उन्हाळ्यात अमेरिकेत आणून इंटरनॅशनल चॅम्पियन्स कप भरवणाऱ्या रेलेव्हंट स्पोर्ट्सने २०१८ मध्ये मायामी परिसरात त्याच नावाची महिलांची स्पर्धा सुरू केली. चार क्लब, दोन उपांत्य सामने, तिसऱ्या क्रमांकाची लढत आणि अंतिम सामना, असा आटोपशीर आराखडा होता. युरोपीय संघांसाठी हा हंगामपूर्व सराव होता, तर अमेरिकन संघांचा हंगाम भर मध्यावर होता. त्यामुळे एका बाजूला ताजेतवानेपणा पण विस्कळीतपणा, तर दुसऱ्या बाजूला लय पण थकवा, अशी विषम लढत होई. २०१८ मध्ये त्याच दिवसांत राष्ट्रीय संघांची एक स्पर्धाही अमेरिकेत चालू असल्याने नॉर्थ कॅरोलायना करेज या अमेरिकन क्लबच्या प्रमुख खेळाडू तिकडे गुंतलेल्या होत्या, तरीही हेदर ओ’रायलीच्या एकमेव गोलावर करेजने ल्योंला हरवून पहिला चषक मिळवला. २०१९ मध्ये करेजच्याच केरी गावातील मैदानावर ल्योंने तितक्याच फरकाने परतफेड केली. महासाथीमुळे २०२० ची स्पर्धा रद्द झाली, २०२१ मध्ये पोर्टलंड थॉर्न्सने घरच्या मैदानावर ल्योंवर १-० अशी मात केली, आणि २०२२ मध्ये ल्योंने मेक्सिकोच्या मॉन्टेरेला ४-० असे हरवले. तिथे ही मालिका थांबली.

चारही वेळा बोलावला गेलेला क्लब एकच, ल्यों. एकंदर दहा क्लब खेळले, आणि ते सर्व पश्चिम युरोप व उत्तर अमेरिकेतील होते. आशिया, आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या विजेत्याला एकदाही पाचारण झाले नाही. ‘चॅम्पियन्स’ हे बिरुद म्हणूनच जपून वाचावे लागते. सामन्यांचा दर्जा मात्र खरा होता, हे नाकारता येत नाही.

पात्रतेच्या मार्गानेही सर्व काही सुरळीत होते असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, अमेरिकेतील ही शेवटची स्पर्धा पोर्टलंडमध्ये चालू होण्याच्या सुमारास, भारतीय महिला लीग जिंकून रीतसर पात्र ठरलेला गोकुळम केरळ हा संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता; परंतु फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केल्यामुळे मैदानात न उतरताच त्याला परतावे लागले. निलंबन उठेपर्यंत त्याची संधी गेली होती.

फिफाने आता खंडविजेत्या क्लबांसाठी महिला चॅम्पियन्स कप सुरू केला असून पहिला महिला क्लब विश्वचषक २०२८ मध्ये योजला आहे. निमंत्रितांच्या स्पर्धा मात्र त्यामुळे संपलेल्या नाहीत: मे २०२५ मध्ये पोर्तुगालमधील एस्तोरिल येथे खाजगी गुंतवणुकीतून आठ क्लबांना बोलावून सात-सात खेळाडूंची स्पर्धा भरवण्यात आली, तिची बक्षीस रक्कम ५० लाख डॉलर होती, आणि ती बायर्न म्युनिकने जिंकली.