अंकुशी रुपयाची पारख

संग्राहक मंडळींकडून जीं रुप्याचीं नाणीं आमच्याकडे अभिप्रायार्थ येतात, त्यांत पुण्याच्या टांकसाळीच्या अंकुशी रुपयांची संख्या मोठी असते, आणि त्यांबरोबर बहुधा एकच प्रश्न येतो : प्रत कोणती व मोल किती? या प्रश्नाचें उत्तर देण्याची जी रीत अलीकडे रूढ झाली आहे ती या नाण्यास लागू पडत नाहीं. ती लावल्यानें चांगलीं नाणीं 'झिजलेलीं' ठरून मुशींत जातात, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

ती रीत म्हणजे 1 पासून 70 पर्यंतच्या अंकांची. विल्यम शेल्डन या अमेरिकन पंडितानें आपल्या देशांतील जुन्या तांब्याच्या सेंटांकरितां 1949 सालीं ती प्रसिद्ध केली. 70 प्रतीचें नाणें 1 प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचें असावें, ही तिच्या मुळाशीं असलेली कल्पना. ते भाव केव्हांच मागें पडले. अंक मात्र जगभर पसरले, आणि आतां आपल्याकडेही रुपये पारदर्शक डबींत मोहोरबंद होऊन अंकासह विकावयास येतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यास हें माप शोभतें. 1835 चा कंपनी सरकारचा रुपया घ्यावा : वजन 180 ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी, ठसा बरोबर चकतीच्या मापाचा. टांकसाळींतून तो कसा बाहेर पडला हें निश्चित ठाऊक असल्यामुळें पुढें किती झिजला हेंही निश्चित सांगतां येतें.

अंकुशी रुपयाचें तसें नाहीं. येथें ठसा चकतीहून मोठा, चकती हातानें घडलेली, आणि वर हातोड्याचा घाव. एका बाजूस दिल्लीच्या बादशहाचें नांव, दुसरीस जुलुसी सनाचें ठराविक फारसी सूत्र, मुहियाबाद हें पुण्याचें मोगली नांव व अंकुश, एवढा मजकूर त्या लहान चकतीवर सहसा मावत नाहीं. अंकुश पुरा उठला तर सन कडेबाहेर जातो. सन आला तर मुहियाबादचीं अक्षरें अर्धीं राहतात. म्हणून जें दिसत नाहीं तें झिजलेंच, असें मानणें ही पहिली चूक. न उठलेल्या जागीं चांदी मूळ चकतीसारखी किंचित् खरबरीत असते. झिजलेली जागा गुळगुळीत असून उंच अक्षरांच्या माथ्यावरून सपाटी सुरू झालेली असते. वजनाची साक्ष त्याहून बळकट. मोगली रुपयाचें माप सुमारें 178 ग्रेन. नाणें 174-175 ग्रेन भरत असून अर्धा लेख दिसत नसेल, तर दोष घावाचा आहे, वापराचा नव्हे.

सराफी छापांविषयींही असाच गैरसमज आहे. आंत तांबें तर नाहीं ना, हें पाहण्यास सराफ नाण्यावर लहान छाप मारीत. परदेशी प्रतवारींत ही इजा गणली जाते. आमच्या मतें छाप सनावर वा अंकुशावर पडला नसेल तर त्यामुळें मोल कमी करूं नये. ज्या बाजारांत बट्टा ठरत होता त्याचा तो शिक्का आहे. रूपाच्या ठिकाणीं 'आहत' या अर्थानें रूप्य शब्द पाणिनीनें साधला आहे, व कौटिल्यानें नाणें पारखणाऱ्यास रूपदर्शक म्हटलें आहे. पारख्याचा डोळा आपल्याकडे आजचा नव्हे. कडी डाखलेलें नाणें मात्र खरोखर बिघडलेलें. माळेंत ओवलेले असे रुपये गांवोगांव आढळतात.

मोलाचा सर्वांत मोठा घोंटाळा सनाचा. 1818 नंतरही कंपनीनें पुण्यांत अंकुशी रुपये पाडले आणि त्यांवर फसली सन घातला. त्यांतील 1230 हा आंकडा हिजरी समजला तर इसवी 1814-15 येतें आणि नाणें दुसऱ्या बाजीरावाचें ठरतें. फसली म्हणून 590 मिळविले तर 1820 येतें आणि तें कंपनीचें ठरतें. 'पेशवाई' म्हणून चढ्या भावानें घेतलेले अनेक रुपये या एका बेरजेनें आपली जागा बदलतात. बंगालच्या '19 सन' सिक्क्याचाही प्रकार याच जातीचा : शाह आलमाचें तें जुलुसी वर्ष 1777-78 चें, परंतु 1793 पासून कंपनीनें तेंच कायम करून पुढें अनेक वर्षें रुपये पाडले.

खोटेपणाची शंका असल्यास नाणें घासूं नये, पाण्यांत तोलावें. हवेंत 11.30 ग्रॅम भरलेला रुपया दोऱ्यानें पाण्यांत लोंबता ठेविल्यास 10.22 भरला, तर फरक 1.08, भागाकार सुमारें 10.46. शुद्ध चांदीचा अंक 10.49, तांब्याचा 8.9 च्या आसपास. उत्तर 10 च्या खालीं आलें कीं संशय घ्यावा. चांदीचीच ओतीव नकल या परीक्षेंत उतरेल, तिच्याकरितां कड व अक्षरांच्या मुळाशीं असणारे बारीक बुडबुडे पाहावे.

चिंच, राख व रांगोळी यांचा नाण्यास स्पर्श होऊं देऊं नये. काळा थर हा रुप्यावर गंधकाचा संस्कार असून तो खालच्या अक्षरांस झांकतो तसा राखतोही. घासणारा थराबरोबर अक्षरांचा माथाही नेतो, आणि चकचकीत झालेलें नाणें जाणत्याच्या हातीं निम्म्या मोलाचें ठरतें. रबरी पट्ट्या व स्वस्त प्लॅस्टिकचीं पाकिटें हींही तितकींच घातक. साधा आम्लरहित कागद उत्तम.

जमिनींत ठेवा सांपडल्यास 1878 च्या कायद्याप्रमाणें, त्याचें मोल दहा रुपयांवर असतां, जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. ठेवा फुटला कीं कोणतें नाणें कोणाच्या सोबत होतें हें नाहींसें होतें, व अंकुशी रुपयाच्या कालक्रमास तोच एक चांगला आधार. ज्या सभासदांकडे सन स्पष्ट असलेले अंकुशी रुपये असतील त्यांनीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें, ग्रॅममधील वजन, व्यास आणि नाणें कोठून आलें याची माहिती मंडळाकडे पाठवावी. नाणें पाठविण्याची आवश्यकता नाहीं.