नेमणुकीच्या पत्रातील एक अट

‘नोकरी की संसार’ या विषयावर आपल्या मंडळात आजवर किती परिसंवाद झाले असतील, याची मोजदाद बहुधा कोणी ठेवलेली नाही. दर दोन-तीन वर्षांनी एखादी उत्साही चिटणीस हा विषय पुन्हा काढते, काही भगिनी नोकरीची बाजू घेतात, काही संसाराची, आणि अखेरीस अध्यक्षीणबाई दोन्ही सांभाळता आले पाहिजे असे सांगून चहाची वेळ झाल्याचे सुचवितात. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट आपण न बोलताच धरून चालतो. ती अशी की, तराजू स्त्रीच्या हाती आहे. एका पारड्यात नोकरी, दुसऱ्यात घर, आणि तिने आपल्या मनाने तोल पाहावयाचा. इतिहास चाळला म्हणजे मात्र निराळेच दिसते. सुशिक्षित स्त्रीला सरकारी किंवा बड्या कचेरीतील जागा देऊ केली गेली, तेव्हा पारड्यात वजने आधीच घातलेली होती, आणि ती नोकरी देणाऱ्याने घातलेली होती. हा इतिहास फार जुना नाही. आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींच्या हयातीतलाच तो आहे.

१९५१ सालची गोष्ट घ्या. केरळातील कुमारी अ‍ॅना राजम जॉर्ज भारतीय प्रशासन सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्यापूर्वी एकही स्त्री त्या सेवेत गेलेली नव्हती. मुलाखत घेणाऱ्या मंडळाने त्यांना परराष्ट्र सेवा किंवा मध्यवर्ती सरकारच्या इतर सेवा सुचविल्या, कारण त्या म्हणे बायकांना अधिक मानवतात! त्यांनी आपला हट्ट सोडला नाही आणि मद्रास प्रांत मागून घेतला. नेमणुकीचा हुकूम हाती आला, त्यात लिहिले होते की, विवाह केल्यास आपली सेवा समाप्त करण्यात येईल. वय अवघे चोवीस. ज्या जागेसाठी देशभरातील हुशार तरुण जिवाचे रान करीत, ती जागा, आणि तिच्या बदल्यात लग्न. त्यांच्याच तुकडीतील तरुणांच्या हुकुमात असे वाक्य नव्हते. उलट त्या तरुणांना नेमणूक झाली की उपवर मुलींच्या बापांची रांग लागत असे, हे सांगण्यासाठी इतिहासाचा आधार नको. आपल्या आत्या-मावश्यांची लग्ने आठवली तरी पुरे.

कुमारी जॉर्ज यांनी जागा स्वीकारली. मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांना बायकांनी जिल्ह्याच्या कारभारात पडावे हे पसंत नव्हते. त्यांनी सचिवालयातील जागा देऊ केली. बाईंचे उत्तर असे होते की, घोडेस्वारी, नेमबाजी आणि दंडाधिकाऱ्याचे काम या सर्वांचे शिक्षण आपण पुरुषांच्या बरोबरीने घेतले आहे, मग जिल्हा का नको? अखेर होसूर येथे सबकलेक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. लग्नाची ती अट पुढे बदलली, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपल्याच तुकडीतील श्री. आर. एन. मल्होत्रा यांच्याशी विवाह केला. ते नंतर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. आपल्याकडच्या वाचकांना बाईंची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. मुंबईसमोरच्या न्हावा-शेव्याला जे मोठे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्याच्या उभारणीच्या काळात पोर्ट ट्रस्टच्या अध्यक्षपदी त्याच होत्या. २०१८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

ही अट आपल्या सरकारला सुचली कोठून? हिंदुस्थानातील सरकारी नोकरीची चौकट इंग्रजी राज्यात घडली, आणि इंग्लंडात तर ही रीत रूढच होती. तेथे सरकारी कचेरीतील कारकून स्त्री लग्न झाले की राजीनामा देत असे. देशांतर्गत सेवेतून ही बंदी १९४६ मध्ये उठली. परराष्ट्र सेवेत ती त्यानंतरही पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकली. आयर्लंडात सरकारी नोकरीसाठी १९७३ पर्यंत हीच बंदी होती. म्हणजे गोऱ्या साहेबाने स्वतःच्या बायकांना जे लावले तेच आपणही लावून घेतले. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. सरकारी नोकरीत केवळ स्त्री म्हणून भेद करता येणार नाही, असे तिच्या सोळाव्या कलमात लिहिलेले आहे. हुकूम लिहिणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर मात्र जुनाच मसुदा राहिला.

कूर्गच्या कुमारी चोनिरा बेल्लिअप्पा मुथम्मा यांची कथा याहून कडू आहे. स्पर्धा परीक्षा देऊन १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झालेली ही पहिली स्त्री. लग्न झाल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. पुढे १९६१ च्या नियमांत ही गोष्ट रीतसर छापली गेली. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नाही. सेवेतील स्त्रीने लग्नापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी. आणि लग्नानंतर घरच्या जबाबदारीमुळे कामात उणेपणा येतो असे सरकारला वाटले, तर तिला केव्हाही राजीनामा देण्यास सांगता यावे. मुथम्माबाई अविवाहित राहिल्या. त्या अटीमुळे की स्वतःच्या इच्छेने, हे ठरविण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. लोक अशा वेळी चटकन म्हणतात, ‘तिने समजून-उमजून सही केली होती ना!’ सही केली होती, हे खरे. पण सही न करणाऱ्या मुलीला काय मिळाले असते, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. आणि ज्या मुलींनी असे पत्र वाचले, घडी घालून ठेवले आणि त्या बोहल्यावर चढल्या, त्यांची नावे कोठल्याही दप्तरात नाहीत. इतिहासात नोंद होते ती सही करणारीची.

येथे थोडे बाजूला वळून मुंबईच्या गिरण्यांकडे पाहावेसे वाटते. गिरणीत रीळखात्यात व वाइंडिंगमध्ये काम करणाऱ्या बायांना लग्नाची अट कोणी घातली नाही. त्यांतील बहुतेक जणी लग्न झालेल्या किंवा विधवाच होत्या, आणि त्यांच्या मजुरीवाचून चाळीतली चूल पेटत नव्हती. त्यांचा पेच तान्ह्या मुलाचा होता. कामावर जाताना पोराला अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल किती सर्रास होती, ते मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ मध्ये लिहून ठेवले आहे. बाळंतपणासाठी मजुरीचा भत्ता देणारा कायदा हिंदुस्थानात प्रथम झाला तो मुंबई प्रांतात, १९२९ मध्ये. म्हणजे हातावर पोट असणारीला संसारासकट राबविण्यात कोणालाच अडचण वाटली नाही. संसार आड आला तो स्त्री टेबलाशी बसू लागल्यावर. हा फरक परिसंवादांत कधी निघत नाही.

पहिला घाव घातला तो मुंबईच्याच कामगारांनी. येथील एका औषध कंपनीत मालाची बांधाबांध करणाऱ्या खात्यातील मुलींना असा नियम होता की, लग्न झाले की नोकरी आपोआप संपली. दुसऱ्या खात्यांना हा नियम नव्हता. बॉम्बे लेबर युनियनने तो रद्द करण्याची मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणाने ती फेटाळली. युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कंपनीचे म्हणणे असे की, या खात्यात टोळीने काम चालते, गैरहजेरी परवडत नाही, आणि लग्न झालेल्या बायका अधिक गैरहजर राहतात. १९६५ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने निकाल दिला. त्यातील विचार एखाद्या शहाण्या गृहिणीने करावा इतका सरळ आहे. मुलाबाळांमुळे गैरहजेरी होते म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेचीही होईल. तिला तर तुम्ही ठेवता! विवाहितेच्या बाबतीत खरा फरक राहतो तो बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी मालकाने चार बाया जास्तीच्या ठेवाव्यात. झाले. नियम रद्द. मला हा निकाल पुढच्या साऱ्या गाजलेल्या निकालांहून मोलाचा वाटतो. खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्न त्याने मुलीच्या पदरातून काढून मालकाच्या हिशेबवहीत घातला.

मुथम्माबाई १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या. परराष्ट्र सेवेतून तेथवर पोचलेली पहिली स्त्री. तरीही वरच्या श्रेणीसाठी त्यांना डावलून धाकट्यांना बढती मिळाली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारला जाग आली आणि त्यांना बढती मिळाली. विवाहितेला हक्क नाकारणारा नियम आपण आधीच काढला असून परवानगीचा नियमही आता काढीत आहोत, असे सरकारने सांगितले. १७ सप्टेंबर १९७९ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अर्ज निकालात काढला, पण सरकारला चांगलेच सुनावून. घरच्या जबाबदाऱ्या आड येतात म्हणता, तर त्या पुरुषाच्याही आड येऊ शकतात. विवाहित पुरुषाला जो हक्क, तो विवाहित स्त्रीलाही, असा त्याचा आशय आहे.

यानंतर वाट सरळ झाली असे कोणी समजू नये. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला त्याच न्यायालयापुढे निकालास आला. पस्तिशीला निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी गेली, आणि पहिल्या गरोदरपणाबरोबरही नोकरी गेली, असे त्यांचे नियम होते. त्याच विमानात तसलेच काम करणारा पुरुष पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राही. गरोदरपणाचा नियम हा स्त्रीत्वाचा अपमान आहे असे सांगून न्यायालयाने तो मोडीत काढला. चार वर्षांची लग्नबंदी मात्र कायम ठेवली! मुलगी तोवर पोक्त होते, कुटुंबनियोजनाला मदत होते, आणि शिक्षणावरचा खर्च वाया जात नाही, ही त्याची कारणे. पहिले कारण तर आमच्या आजीनेही दिले असते, पण तिने ते मुलालाही लावले असते.

१९९० मध्ये आयुर्विमा महामंडळातील एका उमेदवार बाईची नोकरी गेली, कारण गरोदरपण, पाळी यांविषयीच्या छापील रकान्यांत तिने खरी माहिती भरली नाही, असा तिच्यावर ठपका होता. न्यायालयाने तिला परत घ्यावयास लावले आणि असले रकाने काढून टाकण्यास सांगितले. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची असलेली बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवडे झाली.

लष्करातील परिचारिका अधिकाऱ्यांना विवाहाबद्दल सेवामुक्त करण्याची तरतूद १९७७ च्या एका सैनिकी आदेशात होती. १९८८ मध्ये लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी सैन्यातीलच एका अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्यांना सेवेतून काढण्यात आले. आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. त्यांचा दावा निकाली निघाला तो १४ फेब्रुवारी २०२४ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना साठ लाख रुपये भरपाई देवविली. लग्न सैन्यातील दोघांचे झाले होते. तो नियम मात्र फक्त परिचारिकांना लागू होता.