सातव्या नंबरचा ढीग

१९५८, ईस्टर. वेल्समधल्या ॲबरफॅन गावाच्या डोक्यावर, मर्थर व्हेल कोळसा खाणीचा कचरा टाकायला सातवी जागा सुरू झाली. ढिगाच्या पोटाखाली ओढा आणि झरे होते. ओढा सरकारी नकाशावरही होता. खडकाचा चुरा, राख, पुढे कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळ, सगळं उंचावरून नुसतं ओतलं जाई. रस्त्याच्या भरावावर आपण रोलर फिरवतो, जोत्यात धुम्मस मारतो. इथे त्यातलं काहीच नाही.

१९६३. पँटग्लास शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाचा धोका नगरपालिकेच्या इंजिनिअरने पत्राने कळवला. त्याच वर्षी ढीग एकदा घसरलाही. ओतणं चालूच राहिलं.

२१ ऑक्टोबर १९६६, सकाळी ७.३०. शुक्रवार. माणसं कामावर वर चढली, तर ढिगाचा माथा सुमारे १० फूट खचलेला. क्रेनचे रूळ खड्ड्यात गेले होते. टेलिफोनची तार चोरीला गेलेली, म्हणून एक जण निरोप घेऊन पायी खाली गेला. (फोन असता तरी गाव वाचलं नसतं, असं पुढे चौकशीत ठरलं. कारण सगळं फार वेगाने घडलं.)

९.००. खच २० फुटांवर. खालून हुकूम आला: ओतणं थांबवा, क्रेन मागे घ्या. कामाला लागण्याआधी चहा घेऊ, असं ठरलं. गावावर दाट धुकं होतं, वर ऊन. शाळेत सत्राच्या मधल्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस.

९.१५. सैल ओतलेल्या भरावात कणांमध्ये पोकळ्या राहतात. त्या पाण्याने भरल्या आणि भराव हलला, की कण जवळ सरकू पाहतात. पाण्याला निघायला वाट नसते, मग वरचा भार कणांऐवजी पाण्यावर येतो. पाण्याला कसली ताकद? घट्ट दिसणारा डोंगर त्या क्षणी पातळ होतो. चोपून बसवलेला भराव असा वागत नाही; हलला तर तो फुगतो आणि पाणी आत ओढून स्वतःला सावरतो. क्रेनवाल्याने खड्ड्यातून काळा राडा आधी हळूच वर उचलला जाताना पाहिला. मग तो उतारावरून सुटला. वाटेतलं शेतघर गेलं, पाण्याचे मुख्य नळ फुटले, मग शाळा, शेजारची घरं.

९.२५. पोलिसांना पहिला फोन.

११.००. यानंतर ढिगाऱ्यातून कुणी जिवंत निघालं नाही. १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं.

खाण चालवणाऱ्या सरकारी कोळसा बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स म्हणाले, झऱ्यांची माहितीच नव्हती. ७६ दिवसांच्या चौकशीनंतर ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला, त्यात दोष बोर्डावरच ठेवला. उरलेले ढीग हटवायला मात्र लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून १,५०,००० पौंड काढून घेतले. ते १९९७ मध्ये परत मिळाले, बिनव्याजी.