दुसऱ्या दिवसाची गाडी

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना 'मूळ' हा शब्द जपून वापरण्याची सवय लागते. हस्तलिखित जितके जुने तितके ते मुळाच्या जवळ, असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रक्षेप म्हणजे मळ, तो खरवडून काढला की खालचा शुद्ध ग्रंथ आपोआप हाती येतो, अशीही त्यांची समजूत असते. ही समजूत अपुरी आहे हे सांगताना आम्ही आजवर ग्रंथांचीच उदाहरणे देत आलो. अलीकडे मात्र एका मोटारीच्या चाकांनी आम्हांला हा धडा नव्याने शिकवला.

आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी घरी उभी होती. वडील गेल्यावर ती पुन्हा चालती करायचे ठरले. गॅरेजवाल्याने हौसेने तिला चकचकीत 'मॅग व्हील' बसवली आणि जुन्या पोलादी रिम, व्हील कॅपसकट, भंगारात घातल्या. गाडी देखणी दिसते असे सगळे म्हणाले. मालकाला मात्र चुटपुट लागून राहिली. ही चुटपुट नवी चाके आल्याची होती की जुनी गेल्याची? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही त्या चाकांच्या इतिहासात शिरलो आणि तो आम्हांला कॅलिफोर्नियात घेऊन गेला.

आरंभ शब्दापासूनच करावा. आपल्याकडे गॅरेजात सर्रास ऐकू येणारा 'मॅग' म्हणजे मॅग्नेशियम. आज ही चाके बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. धातू गेला, नाव उरले. शब्दाचा मूळ अर्थ गळून पडूनही तो व्यवहारात टिकतो, याचे इतके सुबक उदाहरण भाषाविज्ञानाच्या तासालाही सहजी सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हलक्या धातूंच्या ओतकामाचे तंत्र पुढे गेले होते. विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या टेड हॅलिब्रँड यांनी युद्धानंतर शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाके घडवायला सुरुवात केली. मॅग्नेशियमची घनता पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. चाकाचे वजन गाडीच्या स्प्रिंगांच्या खाली असते. ते जितके कमी, तितके चाक खड्ड्याला लवकर प्रतिसाद देते आणि रस्ता धरून राहते. म्हणजे ही चाके आधी गरजेतून आली. शोभा मागाहून आली.

१९५६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत अमेरिकन रेसिंग ही कंपनी उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी रोमिओ पालामिडीज हे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींच्या, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या, जगातले. साठच्या दशकाच्या आरंभी या कंपनीने 'टॉर्क थ्रस्ट' नावाचे पाच आऱ्यांचे चाक आणले. त्याचे निमुळते होत जाणारे आरे आणि त्यांमधल्या मोठ्या मोकळ्या जागा पाहिल्या की आजही ते चाक ओळखू येते. त्या मोकळ्या जागांतून ब्रेकला वारा मिळे. पुढे डिस्क ब्रेक आले, तेव्हा त्यांना जागा मिळावी म्हणून आऱ्यांना बाक देऊन 'टॉर्क थ्रस्ट डी' घडवले गेले. १९६४ मध्ये क्रॅगर कंपनीने क्रोम केलेली पोलादी रिम आणि ॲल्युमिनियमचा मधला भाग जोडून 'एस-एस' हे चाक काढले आणि शर्यतीच्या मैदानावरचे हे रूप सामान्य माणसाच्या अंगणात उभे राहिले. १९६३ मध्ये या सुट्या सामानाच्या उत्पादकांनी 'सेमा' ही आपली संघटनाही स्थापन केली होती.

याच सुमारास, एप्रिल १९६४ मध्ये, फोर्डची मस्टँग बाजारात आली. तिच्या खरेदीदारांत तरुण पुष्कळ होते. गाडी विक्रेत्याकडून घरी आणायची आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्याची चाके उतरवून आपल्या पसंतीची चढवायची, अशी एक रीतच पडली. जुन्या गाड्यांच्या अमेरिकन अभ्यासकांनी यासाठी एक अर्थपूर्ण संज्ञा रूढ केली आहे: 'डे टू', अर्थात दुसऱ्या दिवसाची गाडी. पहिल्या दिवसाची गाडी कारखान्याची, दुसऱ्या दिवसाची वाचकाची, असे म्हणण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. कारखान्याची बाजूही तितकीशी सोवळी नव्हती. कॅरोल शेल्बी यांच्या १९६५ च्या जीटी ३५० मस्टँगला पोलादी चाके असत. पण जादा पैसे मोजल्यास क्रॅगरने घडवलेली पाच आऱ्यांची चाके मिळत. तेव्हा 'कारखान्याचे' आणि 'बाहेरचे' ही सीमारेषा पहिल्या दिवशीच पुसट होती.

या पुसटपणाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे १९६८ चा 'बुलिट' हा चित्रपट. सान फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीन जी हिरवी मस्टँग पळवतात, तिची चाके फोर्डची नाहीत. ती टॉर्क थ्रस्ट डी आहेत. लोखंडी जाळीवरचे घोड्याचे चिन्हही तिच्यावरून काढलेले आहे. (त्याच पाठलागात दुसऱ्या गाडीच्या व्हील कॅप चारपेक्षा अधिक वेळा उडतात, हा संकलनातला पाठदोष रसिकांनी कधीच टिपून ठेवला आहे.) चित्रीकरणातली ती मुख्य गाडी पुढे एका कुटुंबाने १९७४ मध्ये विकत घेतली, काही वर्षे घरच्या कामाला वापरली आणि नंतर नजरेआड ठेवली. २०१८ मध्ये ती पुन्हा जगापुढे आली, अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दाखल झाली आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरांच्या बोलीला गेली. हा क्षण मुद्दाम थांबून पाहावा. उद्या कोणी शुद्धतेच्या आग्रहाने या गाडीला १९६८ ची कारखान्याची चाके चढवली, तर तो जीर्णोद्धार ठरणार नाही. ती तोडफोड ठरेल. बाहेरून आलेले चाक इथे मूळ पाठ होऊन बसले आहे. इतकेच नव्हे, तर २००१ मध्ये फोर्डने स्वतःच 'बुलिट' नावाची मस्टँग काढली, तेव्हा तिला त्याच घडणीच्या आऱ्यांची चाके दिली. मूळ लेखकाने प्रक्षेप स्वीकारला, तो असा.

मग काहीही चालेल काय? मुळीच नाही. प्रक्षेपालाही छंद सांभाळावा लागतो आणि चाकाचा छंद मोजमापात असतो. आठ सिलिंडरच्या जुन्या मस्टँगला पाच बोल्ट, साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर. सहा सिलिंडरवालीला चारच. चाक आतल्या बाजूला किती खोल बसते हे चुकले तर टायर मडगार्डला किंवा आत स्प्रिंगला घासतो. ते फार बाहेर आले तर बेअरिंगवर भलताच भार येतो. पोलादी रिमसाठी असलेले निमुळत्या बसणीचे नट सपाट वॉशरवर बसणाऱ्या चाकाला चालत नाहीत. ते घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि रस्त्यावर सैल होतात. जुने मॅग्नेशियमचे चाक तर हवेने झिजते, त्यात सूक्ष्म तडे जातात. ते तपासून घेतल्याशिवाय चढवणे म्हणजे जिवाशी खेळ. रुंद टायर मावावा म्हणून मडगार्डचा पत्रा कापणारेही असतात. आमच्या मते खरी सीमारेषा इथे आहे. चाक पाच नट सोडले की निघते. कापलेला पत्रा परत येत नाही. पहिली समासातली टीप आहे, दुसरी खाडाखोड.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आम्हांला याच कारणाने पुन्हा पुन्हा आठवत राहिली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे श्लोक संहितेत घेतले नाहीत, ते फेकून दिले नाहीत. पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत ते आजही उभे आहेत. संपादकाचा निर्णय एखाद्याला पटला नाही, तर तो परतवण्याची सामग्री त्याच पानावर त्याच्या हाती दिलेली आहे. जुन्या गाडीला नवी चाके बसवणाऱ्याकडून याहून अधिक मागणे नको, पण याहून कमीही नको. जुनी चाके तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवावीत. काय बदलले, केव्हा बदलले आणि का, हे एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वाचकाला दोन्ही पाठ मिळाले पाहिजेत.

आमच्या सहकाऱ्याच्या चुटपुटीचे उत्तर आता आम्हांला सापडले आहे. नव्या चाकांनी वडिलांच्या गाडीचे काही बिघडवले नव्हते. कदाचित वडिलांनाही ती आवडली असती. बिघडले ते भंगारवाल्याच्या काट्यावर. परवा आम्ही तिघे त्याच गाडीतून महाविद्यालयात गेलो. तिच्या डिकीत आता एक वही ठेवलेली असते. पहिल्या पानावर नव्या चाकांची तारीख आहे, आणि तिच्याखाली एकच ओळ: जुनी चार चाके होती, ती जपली गेली नाहीत.