दातात किडा नसतो, तरी दात ‘किडतो’ कसा?

‘दाताला कीड लागली’ असे आपण सहज म्हणतो. लाकडाला भुंगा लागतो, वांग्यात अळी निघते, तसाच दातालाही कुठला तरी किडा लागत असावा, असे आपल्या पूर्वजांना वाटले. आधी काळा ठिपका, मग खड्डा, मग रात्रीचा ठणका, हे पाहणाऱ्याला दुसरे काय वाटणार? शब्द राहायला हरकत नाही. पण त्यामागची समजूतही अजून टिकून आहे, आणि तिच्यापायी वाचू शकणारे दात काढावे लागतात. म्हणून आज तिचा इतिहास पाहू.

बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर लिहिलेली एक कथा सापडली आहे. अळी रडत रडत ईआ देवाकडे जाते आणि विचारते, माझे अन्न काय? देव तिला पिकलेले अंजीर देऊ करतो. तिला ते नको असते. मला दात आणि हिरडी यांच्यामध्ये राहू दे, असे ती मागते. दातदुखीवर उपचार करणाऱ्याने हा मंत्र तीनदा म्हणायचा, अशी सूचनाही तिथे आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये ‘कृमिदन्तक’ येतो. काळे छिद्र, हलणारा दात, स्राव आणि तीव्र वेदना ही त्याची लक्षणे आजही ओळखू येतात.

किडा आहे म्हटल्यावर तो बाहेर काढणारेही आले. युरोपात खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडाला धुरी देत, आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची देत. तापलेल्या बिया फुटल्या की आतला पांढरा, वळलेला अंकुर बाहेर पडतो. तो पाण्यात पडला की हुबेहूब अळीसारखा दिसतो. रुग्णाला ‘किडा’ दाखवला की त्याचा विश्वास बसे.

आणि गंमत अशी, की त्याला बरेही वाटे. याची कारणे दोन. खुरासानी ओव्यात गुंगी आणणारी द्रव्ये असतात. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे, ते नीट समजून घ्या. दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गाभा असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो आणि ठणका सुरू होतो. काही दिवसांनी गाभा मरतो आणि ठणका आपोआप थांबतो. धुरी दिलेली असो, लवंग दाबलेली असो की काहीच केलेले नसो. दुखणे थांबले याचा अर्थ दात बरा झाला असा नाही. जंतुसंसर्ग आता मुळाच्या टोकाकडे, जबड्याच्या हाडाकडे निघालेला असतो, आणि काही महिन्यांनी गाल सुजतो तो त्यामुळेच.

डच संशोधक लेवेनहूक याने १६८३ साली आपल्या दातांवरचा पांढरा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला त्यात असंख्य वळवळणारे जीव दिसले. पुढे, धुरीने दातातून काढले म्हणून सांगितलेले किडे त्याने तपासले. ते चीजमधले निघाले! १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशारने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याला सूक्ष्मदर्शकातून दातात किडे दिसले नाहीत, असे त्याने स्पष्ट नोंदवले आणि साखरेकडे बोट दाखवले. (याच फोशारने दातदुखीवर स्वतःच्या ताज्या मूत्राच्या गुळण्या सुचवल्या होत्या. मोठ्या माणसांचे सगळेच घ्यायचे नसते.)

कोडे बरेचसे सोडवले ते विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने, बर्लिनमध्ये. त्याने काढलेले दात लाळेत ठेवले आणि त्यात पाव घातला. दातांमधले खनिज विरघळू लागले. पावाऐवजी मांस घातले तेव्हा तसे झाले नाही. लाळ उकळून घेतली तेव्हाही झाले नाही. म्हणजे लाळेतले जंतू पिष्टमय आणि गोड पदार्थांवर जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दात विरघळवते. कोणी दात कुरतडत नाही. हे त्याने १८९० च्या सुमारास मांडले. या जंतूंपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा प्रमुख जंतू १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्कने ओळखला.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. किती गोड चालेल? याचे उत्तर जिथून आले, ती हकिकत सुखद नाही. स्वीडनमधील लुंड शहरात व्हिपेहोल्म नावाची मतिमंद रुग्णांची संस्था होती. १९४५ पासून काही वर्षे तिथल्या रुग्णांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. काहींना जेवणासोबत, तर काहींना मधल्या वेळेत दाताला चिकटणारी टॉफी, एका गटाला दिवसाला चक्क २४. त्यांची संमती कुणी घेतली नाही, ती देण्याच्या स्थितीतही ते नव्हते. मिठाई उद्योगाचा पैसाही या प्रयोगात होता. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांच्या दातांचे फारसे नुकसान झाले नाही. टॉफीवाल्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी देण्याची रीत रुजली, ती या निष्कर्षांवरून. आपण रुग्णांना जो सल्ला देतो त्याची किंमत त्या असहाय माणसांनी आपल्या दातांनी मोजली आहे, हे मला तरी विसरता येत नाही.

तर हिशोब चमच्यांचा कमी आणि वेळांचा जास्त आहे. गोड तोंडात गेले की काही मिनिटांत दातांवर आम्ल तयार होते. लाळेला ते निवळायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. सणाच्या जेवणात पुरणपोळी खाल्ली तर असा एक तास. पण ‘मी गोड खातच नाही’ म्हणणारी व्यक्ती दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि बिस्किटे घेत असेल, तर तिचे दात दिवसाचा बराच भाग आम्लात भिजलेले असतात. बाळ तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपत असेल तर रात्रभर, कारण झोपेत लाळही कमी सुटते.

आणखी एक जुनी समजूत सोडायला हवी. कीड म्हणजे लगेच ड्रिल, असे आता नाही. सुरुवातीला दातावर नुसता खडूसारखा पांढरा डाग असतो, खड्डा नसतो. या अवस्थेत लाळेतले कॅल्शियम आणि टूथपेस्टमधले फ्लोराइड मिळून खनिज परत भरून काढू शकतात. म्हणून सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरा, रात्री झोपण्यापूर्वी घासणे चुकवू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या लोकांनी पेस्टबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. खड्डा पडला असेल तर फिलिंग लागते, गाभ्यापर्यंत गेला असेल तर रूट कॅनॉल.

दुधाच्या दातांनाही हेच लागू आहे. ‘पडणारच आहेत’ म्हणून ते सोडून देऊ नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. महिन्यातून एकदा मुलाचा ओठ उजेडात वर उचलून, पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ दिसते का ते पाहा.