ठिणगीची गुडदी

मराठीच्या तांत्रिक परिभाषेने स्पार्क प्लगसाठी ‘ठिणगी-गुडदी’ असा शब्द घडविला. गुडदी म्हणजे बूच. अर्थाच्या दृष्टीने शब्द चोख आहे. इंजिनाच्या माथ्यावरील भोकात आट्यांनी बसविलेले हे खरोखरच एक बूच असते आणि त्याच्या टोकाशी ठिणगी पडते. तथापि यवतमाळपासून वणी-पुसदपर्यंतच्या कोणत्याही गॅरेजात हा शब्द उच्चारून पाहावा. मिस्त्री आपल्याकडे पाहतच राहील. त्याची परिभाषा निराळी आहे : प्लगला काजळी धरली, गाडी मिसिंग मारते, करंट येत नाही. कोशातली परिभाषा आम्ही वर्गात शिकवतो, ही दुसरी मात्र कोठेच नोंदली जात नाही. म्हणून या वस्तूचा इतिहास येथे थोडक्यात मांडावा असे आम्हांस वाटते.

1860 साली एत्येन लेन्वार याने पॅरिसमध्ये वायूवर चालणारे इंजिन केले, त्यातच विजेची ठिणगी होती. पण ती भरवशाची नव्हती. पुढे डाइमलरने तापवलेल्या नळीने इंधन पेटविण्याचा मार्ग धरला. म्हणजे धावत्या गाडीत उघडी ज्योत बाळगणे आले. हा पेच सुटला तो 1902 साली. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाची वीज निर्माण करणारा मॅग्नेटो आणि त्यास जोडलेला प्लग सिद्ध केला. मोटारीच्या इतिहासात इंजिनाचे गोडवे फार गायले जातात. आमच्या मते त्यातला मोठा वाटा या बोटभर वस्तूचा आहे.

तिचे कार्य असे. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये वाढून पंधरा-वीस हजारांच्या घरात जातात. ही वीज चिनीमातीसारख्या पांढऱ्या आवरणातून, मधल्या दांड्यातून खाली उतरते आणि जेमतेम मिलिमीटरभर फटीवरून उडी घेते. त्या उडीत पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटते. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात एक प्लग सेकंदाला पंचवीस वेळा ही उडी घडवितो. टोक फार थंड राहिले तर काजळी जळून जात नाही. फार तापले तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटते. म्हणून प्रत्येक इंजिनाचा प्लग ठरलेला असतो, आणि ‘कोणताही चालतो’ हे दुकानदाराचे म्हणणे खरे नसते.

भारतात हे नाव घरोघरी नेले ते 1951 साली स्थापन झालेल्या, बंगळूरच्या मायकोने. महाराष्ट्रात प्लग खऱ्या अर्थाने सर्वांच्या हाती आला तो लुना व बजाज चेतक यांच्यामुळे; दोन्ही 1972 च्या. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते, त्यामुळे प्लग वारंवार काळा पडतो. शिक्षक, पोस्टमन, सहकारी बँकेतला कारकून अशा साऱ्यांनी रस्त्याकडेला प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून परत बसविला आहे. एका अख्ख्या पिढीचे हे तंत्रशिक्षण म्हणावे लागेल.

मात्र घासण्यालाही मर्यादा आहे. टोकाची धार झिजून गोल झाली की ठिणगीला अधिक दाब लागतो, गाडी उशिरा पेट घेते, पेट्रोल अधिक खाते. मोटारीतला साधा निकेलचा प्लग वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावा. इरिडियमचा लाखाच्या जवळपास जातो. काढलेल्या प्लगचे टोक वाचताही येते. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक; कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; ओले तेल म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या; पांढरेफटक म्हणजे इंजिन तापते आहे. संहितेच्या अभ्यासकांना हे वाचन परके वाटू नये.

यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील शकुंतलेचे वाफेचे इंजिन 1994 साली जाऊन डिझेलचे आले. डिझेलला प्लग लागत नाही; दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटते. पण आमच्या कापसाच्या जिल्ह्यात प्लग आणखी एका ठिकाणी पोचला आहे, शेतकऱ्याच्या पाठीवर. पेट्रोलवरच्या फवारणी पंपाचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते. 2017 च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतरच्या चर्चेत डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव यांबरोबर हातपंपाच्या जागी आलेल्या वेगवान पंपांचाही उल्लेख झाला. प्लगने विष पसरत नाही, हे उघड आहे. पण पंप पिकात मध्येच बंद पडला की औषधाने माखलेल्या उघड्या हातांनीच प्लग काढला जातो, सदऱ्याला पुसला जातो, तोंडाने फुंकला जातो. नवा प्लग शे-दोनशे रुपयांच्या आत येतो. तो हंगामापूर्वी घरीच बदलावा, आणि जुना सुटा ठेवायचाच तर शेतात नेऊ नये.

बॅटरीवरच्या पंपांना ही वस्तू लागतच नाही, आणि ते गावोगाव दिसू लागले आहेत. पेट्रोलची चेतक दोन दशकांपूर्वीच थांबली. 2020 साली ते नाव पुन्हा बाजारात आले ते विजेवर. मिस्त्रीच्या डब्यातला प्लगपाना त्या गाडीच्या कोणत्याच भागाला लागत नाही.