बिनबियांच्या कलिंगडाचे कष्ट

तासगावचा बेदाणा आपल्या कोल्हापुरात घरोघर खाल्ला जातो. परंतु बेदाणा म्हणजे मुळात 'बिनदाण्याचा', बी नसलेला, हा त्या फारसी शब्दाचा अर्थ फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तोच शब्द दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने आपल्या बिनबियांच्या कलिंगडाला दिला: 'पुसा बेदाना'. नाव एक झाले, कष्ट मात्र एक नव्हेत. द्राक्षाची काडी लावली की तिच्यापासून तीच वेल मिळते. कलिंगड पडले एका हंगामाचे पीक. त्याला दरसाल बी हवे. मग ज्या फळात बीच नाही, त्याचे बी आणावयाचे कोठून?

हे कोडे जपानात क्योतो येथे हितोशी किहारा या शास्त्रज्ञाने सोडविले. १९३७ साली अमेरिकेत ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी दाखविले होते की, कोल्चिसिन या विषाने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रे दुप्पट होतात. (हे विष आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीतही असते. ती घरात आणली तर भांडण लागते, अशी समजूत आहे. येथे तिच्या विषाने भलतेच काम केले!) किहारांनी १९३९ पासून या वाटेने कलिंगडावर प्रयोग केले. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रे असतात. कोवळ्या कोंबावर कोल्चिसिनचा थेंब टाकून ४४ची वेल करावयाची, तिच्या मादीफुलावर २२च्या वेलीचे पराग घालावयाचे. जे बी येईल ते ३३चे. तेहतिसाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून त्या वेलीच्या फळात बी भरत नाही.

पण एवढ्याने भागत नाही. या ३३च्या वेलीचे स्वतःचे पराग जवळजवळ निकामी, आणि परागाचा स्पर्श झाल्यावाचून फळ धरत नाही. म्हणून शेतात अधूनमधून साध्या कलिंगडाच्या वेली लावाव्या लागतात आणि पराग वाहून नेण्यास मधमाश्या हव्यात. फूल सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते. मादीफुलाला तेवढीच एक सकाळ मिळते.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. कोणतीही वस्तू पाहिली की तिच्यात किती हातांचे किती तास गेले, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे. येथे त्याचे उत्तर बियाण्याच्या प्लॉटमध्ये मिळते. ४४च्या वेलीवरील नरफुले रोज, उमलण्याआधी, हाताने खुडावी लागतात. मादीकळी आदल्या संध्याकाळी झाकून ठेवावयाची. सकाळी साध्या वेलीचे नरफूल आणून तिच्यावर अलगद फिरवावयाचे, पुन्हा झाकावयाचे आणि खुणेचा दोरा बांधावयाचा. एखादे नरफूल नजरेतून सुटले, त्याचे पराग माशीने उघड्या फुलावर नेले, तर ३३ऐवजी ४४चेच बी तयार होते आणि ते विकत घेणाऱ्याच्या शेतात बियांचे कलिंगड येते. सुरतेच्या केंद्रातून १९७०मध्ये बाहेर पडलेल्या 'एच-४' या संकरित कपाशीचे बीही असेच एकेका फुलावर हाताने काम करून तयार केले गेले.

उद्यमनगरच्या ओतशाळेत साचा बसविणाऱ्याला आपण कसबी म्हणतो. पहाटे कळी ओळखणारा हात त्याच तोडीचा आहे, असे आमचे ठाम मत आहे. त्याची हजेरी नुसत्या खुरपणीच्या भावाने लावणे आम्हांला मान्य नाही.

शिवाय ४४च्या फळात बी थोडेच भरते आणि त्यातून येणाऱ्या बियाण्याचे कवच जाड, कोंब अशक्त. ते उबेत, बेताच्या ओलाव्यात जपून रुजवावे लागते. म्हणूनच हे बियाणे पुष्कळदा वजनावर नव्हे, दाणे मोजून विकले जाते.